पालवी आणि मिश्री

बायाक्का खोतांनी ठेचा बाजूला सारला, तेव्हाच खरं म्हणजे घरात आरडाओरडा व्हायला हवा होता. कोल्हापूरकडची बाई, उभ्या जन्मात ठेच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरली नाही, आणि ती दुधात भाकरी कुस्करून खाते म्हणजे काय थट्टा आहे? पण घरातल्या माणसाकडे बघायला कुणाला वेळ असतो! सून दातांची डॉक्टर, तिच्या दवाखान्यात कायम रांग. मुलगा दातांचं औषध विकणाऱ्या कंपनीचा विभागप्रमुख, त्याच्या कानाचा फोन सुटत नव्हता. पंधरवडा गेला, महिना गेला, आणि एका सकाळी न्याहारीला सुनेचं लक्ष गेलं.

"आत्या, ठेचा का नको?" केतकीनं विचारलं. त्या भागात सासूला आत्या म्हणतात. हुपरीत सून म्हणून आल्यापासून डॉक्टर केतकीही तेच म्हणत होती.

"तोंडात जरा आग हुतीया. उष्णता असंल."

"कधीपासून?"

"झालं की असंच. सब्जा पितोय मी."

केतकीचा पारा चढायला एवढं पुरेसं होतं. मुळातच ती तापट. "घरात दातांची डॉक्टर बसलीय आणि तुम्ही सब्जा पिताय? उठा. आधी उठा. परसात चला, उजेडात."

तिनं सासूला उन्हाकडे तोंड करून पाटावर बसवलं आणि गाल बोटानं बाहेर ओढला. डावीकडची खालची दाढ तिनंच भरलेली, गेल्या दिवाळीच्या आधी. दाढ दृष्ट लागावी इतकी छान झाली होती. पण तिच्या मुळाशी, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, एक जाड पांढरा चट्टा होता. कडेनं लाल, दाणेदार, बोटाला टणक. केतकीनं तो पुन्हा दाबून बघितला, कारण पहिल्यांदा दाबून तिचा विश्वासच बसला नाही.

"आत्या, तुम्ही तंबाखू खाता?"

"अगं बया! मी? जोतिबाची आण, तंबाखू कधी तोंडात टाकली न्हाई."

शपथ घेताना त्यांनी हात वर केला, आणि त्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळं होतं. केतकीनं ते बोट पकडून नाकाशी नेलं. करपल्याचा, नाक चुरचुरणारा तो वास तिला पक्का ओळखीचा होता. तिच्या माहेरच्या गल्लीत एखादीनं मिश्री भाजायला घेतली की सगळी गल्ली शिंकायची.

"मग हे काय आहे?"

"ही व्हय?" बायाक्कांनी बोट ओढून पदराआड घेतलं. "ही मिश्री. दात घासायची."

"आणि मिश्री कशाची असते?"

"तंबाखूची की. भाजल्याली," बायाक्का म्हणाल्या, आणि सून असं का विचारतेय ते त्यांना खरंच कळेना. तंबाखू खातात ती वेगळी. ती पुरुषांची, चुना लावून, पिचकाऱ्या मारत खायची. मिश्री बाईची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची, सकाळी बोटानं दातांवर लावून घटकाभर तोंडात धरायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं, कामाला हात लागत नाही. ते व्यसन आहे असं कुणी म्हटलं तर बायाक्कांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हुपरी चांदीचं गाव. घरोघरी बायका पैंजणांच्या कड्या जोडायला बसतात, आणि कामाला बसण्याआधी एकीची डबी साऱ्याजणींत फिरते. तरुणपणापासून बायाक्का त्याच पंगतीतल्या.

"अहो पण दाढ भरताना दवाखान्यातल्या मशीननं विचारलं होतं ना तुम्हाला? तंबाखू खाता का म्हणून?"

"विचारलं की. मी न्हाई म्हटलं. खात न्हाईच मी."

केतकीला सासूचा राग आला, इतका की तिथं दोन शब्द जास्त गेले असते. ती उठून विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. परत येईस्तोवर एक वेगळीच गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मशीननं विचारलं होतं. तिनं स्वतः काहीच विचारलं नव्हतं.

आता त्या दाढेत भरलेलं हे 'पालवी' प्रकरण काय, ते सांगायला हवं, नाहीतर हा सगळा संताप कशाचा ते कळायचं नाही.

दात म्हणजे दगड नव्हे. दाताच्या पोटात मऊ, जिवंत गर असतो. त्यात रक्तवाहिन्या, नसा आणि पेशी असतात. दात घडत असताना शरीर त्याच्या भिंतीतच काही रसायनं पुरून ठेवतं. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. वृद्धिघटक हा एक प्रकारचा निरोप असतो: पेशींनो, वाढा, इथं बांधा, इकडे रक्त आणा. कीड भिंत पोखरायला लागली की हे पुरलेले निरोप सुटे होतात. गराला सूज येते, आणि त्या सुजेच्या हाकेवर पेशी आतल्या बाजूनं नवी भिंत रचायला घेतात. म्हणजे थोडी सूज पाहिजेच, ती नसेल तर डागडुजी नाही. पण दात पडला चहूबाजूंनी बंद. सूज जास्त झाली तर फुगायला जागा नसते, रक्त कोंडतं आणि गर मरतो. मग पूर्वी डॉक्टर तो गर उपसून काढायचे, पोकळीत मसाला भरायचे आणि वर टोपी चढवायचे.

पालवीनं हे सगळं बंद केलं. थेंबभर जेल. त्यात हेच वृद्धिघटक, मोजून भरलेले, महिनोन् महिने हळूहळू पाझरणारे. सोबत कंपनीचं मशीन: ते आधी पेशंटला सवयी विचारायचं आणि जेल चालेल का ते सांगायचं. कीड साफ करायची, जेल ठेवायचं, वरून बुजवायचं. सूज आटोक्यात राहायची आणि अर्धमेली दाढ आतून पुन्हा उभी राहायची. ठणका नाही, टोपी नाही, चार-चार खेपा नाहीत. डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि ते जेल बनवणारी 'जीवांकुर बायोकेअर' तर सगळ्यांत खूश. खोट्या गोष्टीवर रागावणं सोपं असतं. पालवी खरंच काम करत होती, म्हणून तर कुणी काही विचारत नव्हतं.

* * *

मिरजेला डॉक्टर नफिसा मुल्ला तोंडाच्या रोगांचे नमुने तपासत. केतकी त्यांची विद्यार्थिनी. चट्ट्याचा तुकडा त्यांच्याकडे गेला, आणि त्यांनी फोनवर काही न सांगता तिला बोलावून घेतलं.

"कॅन्सर आहे," मुल्ला मॅडम म्हणाल्या. गोल गोल बोलायची त्यांना सवय नव्हती. "सुरुवातीचा आहे. गालाचा तुकडा आणि खालच्या हाडाची कड काढावी लागेल. आत्ता काढलं तर तुझ्या सासूबाई वाचतात. वेळ घालवलास तर जबडा जाईल, आणि त्यापुढचं मी आज बोलत नाही."

"मॅडम, पण आठ-नऊ महिन्यांपूर्वी मी त्या तोंडात काम केलंय. इतका मोठा चट्टा असता तर मला दिसला असता."

"इतका नव्हताच तो. पुसट असणार. मिश्रीचे चट्टे मी आयुष्यभर बघत आलेय. वर्षानुवर्षं गप्प पडून असतात. मिश्री सोडली तर कित्येक आपोआप जातातही. हा असा धावलाय कशानं, ते तूच सांग."

केतकीनं रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"तू भरलेली दाढ हिरडीलगत किडलेली होती. तिथं तू जेल ठेवलंस. ते नुसतं आत पाझरत नाही, कडेनं थोडं बाहेरही येतं. आता त्या निरोपावर काही पत्ता लिहिलेला असतो का, की हा फक्त दाढेनंच ऐकावा? 'वाढा' म्हणून तू दाढेला सांगितलंस. शेजारी मिश्रीनं बिघडलेल्या पेशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्या वाढल्या."

"म्हणजे हे मी केलं."

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. मला पुढचं सांगायचंय." मॅडमनी चष्मा काढला. "ही पहिली नाही. कागल, निपाणी, जत, सगळीकडून तुकडे येतायत. सगळ्या बायका, सगळ्या मिश्रीवाल्या, आणि प्रत्येकीच्या चट्ट्याला लागून पालवीची दाढ. कंपनीला मी कळवलं. उत्तर आलं की रुग्णांनी तंबाखूची सवय लपवली, आमचा दोष नाही. सरकारकडेही लिहिलंय. तिथं समिती नेमतील. समिती बसेल, उठेल, परत बसेल. तोपर्यंत किती तोंडं भरून होतील?"

हुपरीपर्यंतचा सारा रस्ता केतकी दात-ओठ खात गाडी चालवत आली. सवय लपवली म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ज्या कंपनीनं हे लिहिलं, तिचा या भागातला मुख्य माणूस तिच्याच घरात तिच्याच ताटाला ताट लावून जेवत होता.

* * *

तिचा नवरा रणधीर दुपारीच घरी आला होता. आईचं ऐकल्यावर तो खुर्चीत बसला तो बसूनच राहिला. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याचे डोळे भरून आले, आणि मग त्याला जे येत होतं ते करायला घेतलं, म्हणजे फोन काढला.

"बंगळुरूला नेऊ. तिथं सगळ्यात मोठा सर्जन आहे. आजच बोलतो."

"मिरजेला मंगळवारी ऑपरेशन ठरलंय. मॅडमनी ठरवून दिलंय. त्याची काळजी सोड," केतकी म्हणाली. "मला रविवारचं सांग."

रविवारी हुपरीच्या मंगल कार्यालयात कंपनीचं शिबिर होतं. आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायकांना मोफत पालवी. पुण्याहून मोठे साहेब येणार होते. तयारी सगळी रणधीरची.

"त्याचं काय?"

"रद्द कर."

"केतकी, वेडी झालीस का? असं रद्द होतं का? गाड्या ठरल्यात, डॉक्टर ठरलेत…"

"त्या रांगेतल्या निम्म्या बायका मिश्री लावतात."

"मग त्यांनी तसं सांगावं! मशीन विचारतं ना? आईनं पण खोटंच सांगितलं मशीनला. त्याला मी काय करू, कंपनी काय करणार?"

"तुमचं मशीन नुसतं विचारत नाही. ते तोंडाचा फोटो काढतं, हिरडी बघतं, डाग बघतं. मिश्रीचे काळे दात त्याला दिसले नाहीत?"

रणधीरनं फोन टेबलावर उपडा ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तो फोन उपडा ठेवतो तेव्हा काय समजायचं हे केतकीला बरोबर ठाऊक होतं.

"दिसायचे ना?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला दिसायचे."

"म्हणजे?"

"सुरुवातीला तांबडा दिवा लागायचा. आपल्या भागात तर बाई बसली की दिवा. तूच वैतागली होतीस, आठव. म्हणाली होतीस, हे मशीन घेऊन जा, प्रत्येक पेशंटला नको म्हणतंय."

"तेव्हा तू मला सांगितलंस, मशीन चहाच्या डागांना फसतंय म्हणून!"

"वरून तसंच सांगायला सांगितलं होतं."

"आणि मग?"

"मग मी वर कळवलं, की असा दिवा लागत राहिला तर या तीन जिल्ह्यांत आपण काहीच विकू शकत नाही. त्यांनी अपडेट पाठवला. दिवा लागायचा बंद झाला."

"कशाचा दिवा होता तो, रणधीर?"

"डागांचा."

"कशाच्या डागांचा? तोंडानं बोल."

"मिश्रीच्या," रणधीर म्हणाला. "मला वाटलं, जास्तीची काळजी घेतायत. वकील लोक घेतात तशी. असं काही होईल हे मला स्वप्नातसुद्धा…"

"त्यांना ठाऊक होतं म्हणूनच दिवा ठेवला होता, बावळटा! आणि तू तो विझवलास!"

तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या अंगणात चांदीवर चाललेली हातोडी थांबली. थांबू दे. ऐकू दे साऱ्या गल्लीला. नवऱ्याला एकेरीत हाक मारायची तिला सवय होती, बावळट मात्र ती आज पहिल्यांदा म्हणाली, आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

बायाक्का दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मला खोटी म्हंतोस व्हय रे?"

"आई, तसं नाही…"

"मग कसं? तुझं लगीन ठरलं तवा कोण म्हणालं, आई, डॉक्टरीण यायलीय घरात, तिच्यासमोर मिश्री लावू नगंस, माझी लाज जाईल? तूच न्हवं? म्हून मी रोज गोठ्याच्या मागं जाऊन लावतो. थंडीत, पावसात. सुनंला दिसू नये म्हून. ल्हान हुतास तवा माझ्या मांडीवर बसून माझ्या दातांस्नी बोट लावून हसायचास. तुला म्हाईत न्हवतं?"

"मला वाटलं, तू सोडलीस."

"इचारलंस?"

रणधीरनं उपडा ठेवलेला फोन उगाच सरळ केला.

"औषध तुझं. बंद केल्याला दिवा तुझा. मिश्री लपवाय लावल्याली तुझी. आन् खोटी मी," बायाक्का म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आपलेच दात, आपलेच ओठ, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दातांनी ओठ चावला तर तक्रार कुणाची करायची, दोन्ही आपलेच, म्हणून गप्प बसायचं. ज्यानं ही म्हण काढली, त्याच्या घरात बरंच काही झाकायचं असणार. केतकीच्या मनात त्या दिवशी ही म्हण आली आणि तिनं ती लाथाडली. बॅग उचलली, गाडीची किल्ली घेतली, आणि रविवारच्या शिबिराआधी कुणाकुणाला गाठायचं ते ठरवायला लागली. आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यानं समितीचं नाव सांगितलं. ओळखीच्या वार्ताहराला कंपनीची जाहिरात मिळत होती. बरोबरच्या दोन दंतवैद्यांनी ऐकून घेतलं आणि "बघूया" म्हणाले. या आपल्या 'बघूया'नं आजवर किती माणसं मारली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

शनिवारी ती हात हलवत परत आली, तेव्हा बायाक्का ओसरीत वाट बघत होत्या.

"मिरजेच्या डॉक्टरला मी इचारलं," त्या म्हणाल्या. "गाल कापल्यावर बोलता येईल का? म्हणाल्या, येईल, पर धड यायचं न्हाई. लोकांस्नी समजंलच असं न्हाई."

"आत्या, शिकवतात नंतर. हळूहळू येतं…"

"हळूहळू येऊन काय करू? जे बोलायचं त्ये उद्याच बोलतो. तू फकस्त मला तिथवर ने."

* * *

मंगल कार्यालय बायकांनी फुललं होतं. नव्या साड्या, डोक्यात गजरे, जशा काही लग्नालाच आलेल्या. एका बाजूला मशीनं मांडलेली, त्यांच्यामागे पांढऱ्या कोटातली तरुण पोरंपोरी. मागच्या खुर्च्यांवर पुरुष: कुणाचा नवरा, कुणाचा दीर, गावातले चार मानकरी. व्यासपीठावर पुण्याचे साहेब. रणधीर घामानं डबडबला होता. आई आणि बायको दारातून आत येताना त्याला दिसल्या, पण तो जागचा हलला नाही.

साहेबांनी मात्र बायाक्कांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माईक हातात घेतला. "आपल्या खोत साहेबांच्या मातोश्री! यांची स्वतःची दाढ पालवीनं वाचवलेली आहे. मावशी, या, दोन शब्द बोला."

आयता माईक हातात आला. बायाक्का वर चढल्या.

"माझी दाढ ब्येस झाल्या," त्या म्हणाल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनीही वाजवल्या. "दाढ ब्येस झाल्या आन् गालाला क्यान्सर झालाय. मंगळवारी कापत्यात."

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"मी मिश्री लावतो. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात ह्ये औषध घातलं की तिथलं वंगाळ वाढतंय. माझं वाढलं. आता सांगा, तुमच्यात मिश्री कोण लावतंय? हात वर करा."

एक हात वर झाला नाही. कसा होईल? मागे नवरे बसलेले. शेजारी सुना बसलेल्या, ज्यांना सासवांनी कधी सांगितलं नव्हतं. आणि सासवा बसलेल्या, ज्यांना सुनांनी कळू दिलं नव्हतं. सगळ्याजणी एकमेकींच्या पदराकडे बघत राहिल्या.

साहेबांनी खूण केली आणि माईक बंद पडला. "मावशींची तब्येत ठीक नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "खोत, यांना घेऊन जा."

पण हातोड्यांच्या ठोक्यांत, यंत्रांच्या घरघरीत आयुष्यभर गप्पा मारलेली बाई ती. तिला माईक कशाला लागतोय?

"म्हागं बसल्याली बाप्ये मंडळी, भाईर जावा!" बायाक्का गरजल्या. "बायकांचं काम हाय. उठा! साहेब, तुमीबी. रणधीर, तू थांब. तू हिकडं ये. म्या एकलीनं बोललं तर ह्या म्हणतील, म्हातारीला येड लागलं. तू सांग ह्यास्नी. तुला म्हाईत हाय."

रणधीर एक पाऊल पुढे आला. "खोत!" साहेब म्हणाले, आणि त्या एका हाकेत त्याची नोकरी, बढती, गाडी सगळंच होतं. केतकी त्याच्याकडे बघत होती. ती कसलीही मदत करणार नव्हती. तिला त्याचा अजून तितकाच राग होता, आणि आता तो जे करील त्यावर पुढचा संसार ठरणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझी आई मिश्री लावते," रणधीर खाली बघत म्हणाला.

"मोठ्यानं," बायाक्का म्हणाल्या.

"माझी आई मिश्री लावते! मला ठाऊक होतं!" त्यानं मान वर केली. "या मशीनलासुद्धा ओळखू येतं. तांबडा दिवा लागायचा. आम्ही तो बंद करायला लावला. मी लावला. मिश्री लावत असाल तर आज हे औषध घेऊ नका."

साहेब फोन कानाला लावून तरातरा बाहेर गेले. मागचे पुरुष उठेनात, तेव्हा पुढच्या ओळीतली एक धिप्पाड म्हातारी स्वतःच उठली आणि तिनं आपल्या नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला दाराबाहेर काढलं. मग एकेक करत सगळेच गेले. शेवटी रणधीर गेला. कुणीतरी दार लावून कडी घातली.

"आता सांगा," बायाक्का म्हणाल्या.

पहिला हात त्या धिप्पाड म्हातारीचा होता. मग तिच्या शेजारणीचा. मग मागून, कडेनं, मधून हात वर यायला लागले. एका सासूनं हात वर केला, शेजारी बघितलं, तर सुनेचाही वर. दोघी बघतच राहिल्या. "अगं भवाने, तूबी?" सासू म्हणाली, आणि अख्ख्या कार्यालयात हसू फुटलं. केतकीला मात्र हसू आलं नाही. वर न झालेले हात शोधावे लागत होते.

"ज्यांनी हात वर केलाय आणि ज्यांच्या तोंडात आधीच पालवी आहे, त्यांनी इकडे या," ती म्हणाली. तिनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, हातमोजे चढवले, बॅटरी घेतली. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीनं मशीन सोडलं आणि न सांगता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. बायाक्का रांग लावायला लागल्या.

पहिली बाई स्वच्छ निघाली. दुसरीचा चट्टा पुसट होता, मिश्री सोडली तर जाईल असा. तिसरी बाई तिशीतली असेल, हुपरीतलीच, तोंडावळा ओळखीचा. केतकीनं गाल बाहेर ओढला. दाढ छान होती, निरोगी, दृष्ट लागावी अशी. तिच्या मुळाशी पांढरं, जाड, कडेनं लाल. केतकीनं बोट लावलं. टणक लागलं.

इतक्या दिवसांचा सगळा संताप तिच्या डोक्यात चढला. कंपनीचा, साहेबांचा, 'बघूया' म्हणणाऱ्या साऱ्यांचा.

"कुणी भरली ही दाढ?" ती कडाडली. "कुठला डॉक्टर? पोतं भरावं तशी तोंडं भरत सुटलेत नुसते! तुमच्याशी चार शब्द तरी बोलला होता का तो? एवढं तरी विचारलं होतं का, की बाई, मिश्री लावता का?"

बाईनं तोंड मिटलं. ती गोंधळून आधी बायाक्कांकडे आणि मग केतकीकडे बघत राहिली.

"तुमीच भरलायसा की, डॉक्टरबाई."

केतकीनं बॅटरी खाली ठेवली.

"होय," ती म्हणाली. "मीच भरलीय. आणि मी विचारलं नव्हतं." तिनं त्या बाईचा हात धरला. "उद्या सकाळी मिरजेला जायचंय. मी स्वतः नेणार. घरचे नको म्हणाले तरी यायचं."

"आन् मी बी हाय संगं," बायाक्का म्हणाल्या. मग त्या रांगेकडे वळल्या. गालात आग होत होती, तरी आवाज अजून त्यांचाच होता, सगळ्यांना समजणारा.

"फुडची ये गं!"